वेगिसच्या धक्क्यावर हात आडवा धरून उभ्या राहिलेल्या खलाशास

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक नाही. ते विचारण्याचे भान त्या वेळी राहिले नाही, याची चुटपुट मुंबईला परतल्यावरही गेलेली नाही. जून महिन्यातल्या एका दुपारी स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नहून निघालेल्या ‘उरी’ या वाफेच्या बोटीवर आपण दोर सांभाळत होता आणि आम्ही दोघे सरोवराकाठच्या वेगिस गावी उतरलो, एवढीच आपली ओळख. मला जर्मन येत नाही आणि मनातले जसेच्या तसे मराठीतच उतरते, म्हणून हे पत्र मराठीत लिहितो आहे. आमच्याकडच्या चार जणांनीही ते वाचावे, असे मला वाटते.

माझ्या पत्नीला गेली आठ वर्षे कंपवात आहे. थरथरणारा हात लोकांना दिसतो, पण या आजाराचा खरा जाच पायांना होतो. उंबरठा, लिफ्टचे दार, अरुंद वाट आली की पाऊल जमिनीला खिळल्यासारखे थांबते. मन केव्हाच पुढे गेलेले असते, अंगही पुढे झुकते, पण पाऊल उचलत नाही. अशा वेळी कोणी घाई केली किंवा हात धरून ओढले, तर ते आणखीच रुतते. थोडा वेळ दिला, तर बहुतेकदा आपोआप सुटते. एवढी साधी गोष्ट मी आजवर किती जणांना समजावून सांगितली असेल, याची गणती नाही.

लुसर्न आम्ही पूर्वीही पाहिले होते, पण ते केवळ म्हणण्यापुरते. 2019 साली एका सहल कंपनीबरोबर आलो, तेव्हा या शहराच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला होता. सिंहाचे शिल्प पाहायला सगळे उतरले आणि हिचे पाऊल बसच्या दारातच अडले, तेव्हा सहलीच्या व्यवस्थापकांनी सर्वांदेखत सांगितले, “काकू, तुमच्यामुळे चाळीस माणसं खोळंबलीत. तुम्ही बसमध्येच बसा, काका फोटो काढून आणतील.” मी फोटो काढायला गेलो नाही, तिच्याजवळच बसून राहिलो. चाळीस जणांचे वेळापत्रक सांभाळणे हे त्यांचे कामच होते, हे मला मान्य आहे. पण त्या एका वाक्यानंतर उरलेले नऊ दिवस ही प्रत्येक ठिकाणी “मी बसते, तुम्ही जाऊन या” म्हणत राहिली, आणि घरी परतल्यावर तर तिने समोरच्या वाण्याकडे जाणेही सोडून दिले. त्याबद्दल मी त्यांना अजून क्षमा करू शकलेलो नाही.

यंदा “आता कशाला तिची फरफट करता?” असे नातेवाईक म्हणत असतानाही आम्ही दोघेच निघालो आणि अख्खा एक दिवस केवळ लुसर्नसाठी ठेवला. सकाळी आधी तो सिंहच गाठला. 1792 साली पॅरिसमध्ये मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांच्या स्मरणार्थ, थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकाराच्या आराखड्यावरून उभ्या कड्यात कोरलेला आणि 1821 साली पूर्ण झालेला तो मरणासन्न सिंह ही तळ्याकाठच्या बाकावर बसून अर्धा तास पाहत होती. “त्याचा पंजा ढालीवर आहे हो, अजून सोडली नाहीये त्याने,” असे ती हळूच म्हणाली. मग रॉइस नदीवरच्या छप्पर असलेल्या लाकडी पुलावरून, कठड्याला हात लावत, आम्ही अगदी सावकाश चाललो. 1993 च्या ऑगस्टमधल्या आगीत या पुलाचा बराच भाग आणि छपराखालची बहुतेक जुनी चित्रे जळून गेली, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये तो पुन्हा लोकांसाठी खुला झाला. जुने काळवंडलेले लाकूड कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे तिनेच मला बोटाने दाखवले.

आपल्या बोटीवर चढताना धक्क्यावर गर्दी नव्हती, त्यामुळे ते निभावले. 1901 सालच्या त्या बोटीचे इंजिन आतल्या डेकवरून उघडे दिसते. तेलाने चमकणारे ते दांडे मागेपुढे होताना पाहत ही कितीतरी वेळ उभी होती. तिचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. “अण्णांच्या कपड्यांना हाच वास यायचा,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

आणि मग वेगिस आले. बोट आणि धक्का यांच्यामध्ये आपण फळी टाकली. माणसे उतरू लागली आणि फळीच्या तोंडाशीच हिचे पाऊल थांबले. तिची टाच वर होत होती, पण बोटे तिथेच चिकटलेली होती. मागे पंधरावीस माणसे उभी होती. मला त्या बसच्या दारातले सगळे पुन्हा आठवले आणि माझ्याच पोटात गोळा आला. मी तिला “चल, चल” म्हणणार होतो, हे आज आपल्यापाशी कबूल करतो.

आपण तिला हात लावला नाही. आपल्या डाव्या हातात दोर होता. उजवा हात आपण कोपरात वाकवून तिच्या पुढ्यात कठड्यासारखा आडवा धरला, आणि चेहरा सरोवराकडे, पलीकडच्या पिलाटसच्या दिशेने वळवला. जणू आपण तिथे डोंगर पाहायलाच उभे होता. आपण पाहत नाही म्हटल्यावर मागची माणसेही इकडेतिकडे पाहू लागली. कप्तानांनी भोंगा वाजवला नाही. साधारण दोन मिनिटांनी तिने आपल्या त्या आडव्या हातावर हात ठेवला, पाऊल सुटले, आणि ती फळीवरून स्वतःच्या पायांनी चालत गेली.

लुसर्नच्या तटबंदीवरील एका मनोऱ्यात 1535 सालचे घड्याळ आहे, आणि शहरातल्या इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले देण्याचा मान त्याला आहे, असे आम्ही सकाळीच वाचले होते. जिथे एका मिनिटाचाही असा मान राखला जातो, तिथे आपण माझ्या पत्नीला दोन मिनिटे दिली, आणि ती दिल्याचे तिला जाणवूही दिले नाही. हात देणारी माणसे आम्हांला पुष्कळ भेटली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. परंतु आधार देताना समोरच्याची अडचण न पाहण्याची सभ्यता मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली. ती शिकवून येत असेल, असे मला वाटत नाही, आणि येत असेल तर आपल्याला शिकवणाऱ्यांनाही माझा नमस्कार सांगावा.

त्या संध्याकाळी हॉटेलवर चप्पल काढताना ही म्हणाली, “आज मला कुणी ओढलं नाही.”

गेल्या आठवड्यात ती पोहे आणायला एकटी समोरच्या वाण्याकडे गेली. मी खिडकीत उभा होतो. दुकानाच्या पायरीशी ती थांबली, तेव्हा मी मान वळवून कोपऱ्यावरच्या पिंपळाकडे पाहत राहिलो. थोड्या वेळाने जिन्यात तिची पावले वाजली.

आपला कृतज्ञ,
मुंबईचा एक प्रवासी