नळी दुप्पट, म्हणून गोळीचा वेग दुप्पट?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलिसांच्या नव्या कार्बाइनची, म्हणजे खांद्याला लावून चालवायच्या आखूड बंदुकीची, बातमी आपल्या अंकात वाचली. फोटो चांगला होता, माहितीही बरीचशी बरोबर होती. खटकलं ते चौकटीतलं एक वाक्य. पिस्तुलापेक्षा नळी दुप्पट लांब असल्याने गोळीचा वेग ‘जवळपास दुप्पट’ होतो आणि ‘२०० मीटरपर्यंत अचूक मारा’ करता येतो, असं त्यात म्हटलं होतं. माझी सगळी नोकरी खडकीत काडतुसांच्या तपासणीत गेली, त्यामुळे हे वाक्य वाचून गप्प बसवेना.

आधी आकडे पाहू. ग्लॉक १७ या पिस्तुलाची नळी ११४ मिलिमीटरची, तर एमपी-५ या कार्बाइनसारख्या हत्याराची २२५ मिलिमीटरची. म्हणजे जवळजवळ दुप्पट. दोन्हींत काडतूस एकच, ९ मिमी पॅराबेलम. उत्पादक गोळीचा वेग देतात तो पिस्तुलासाठी सेकंदाला सुमारे ३७५ मीटर आणि एमपी-५ साठी सुमारे ४०० मीटर. काडतूस कुठल्या बनावटीचं यावर दहा-वीस मीटर इकडेतिकडे होतात, पण दुप्पट नळीने पदरात पडतं ते एवढंच. नळी आणखी वाढवून सोळा इंचांवर नेली तरी पिस्तुलाच्या तुलनेत साधारण दहा ते पंधरा टक्के वाढ मिळते. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून दहा टक्के वेग म्हणजे एकवीस टक्के ऊर्जा. हे काही कमी नाही, पण ‘दुप्पट’ही नाही.

याचं कारण काडतुसाच्या पोटात आहे. ९ मिमी काडतुसाचं पितळी कवच हातात घेऊन पाहा. उंची १९ मिलिमीटर, आतली जागा एक घनसेंटीमीटरसुद्धा नाही आणि दारू साधारण चार दशांश ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. ही दारू मुद्दाम झटपट जळणारी घेतलेली असते, कारण काडतूस जन्माला आलं तेच आखूड नळीच्या पिस्तुलासाठी. गोळी जागची हलते न हलते तोच दाब शिखरावर पोचतो आणि तिथून तो घसरतच जातो. गोळी पुढे सरकते तशी मागची जागा वाढते आणि तोच वायू त्या वाढत्या जागेत पसरून पातळ होतो.

हिशेब सोपा आहे. ९ मिमीच्या नळीत गोळी एक सेंटीमीटर पुढे गेली की मागे साधारण ०.६३ घनसेंटीमीटर जागा तयार होते. पिस्तुलाच्या तोंडाशी पोचेपर्यंत वायू मूळ जागेच्या सात-आठपट पसरलेला असतो, तर सोळा इंची नळीत अठ्ठावीसपटीच्या घरात. आता ७.६२ मिमीची एसएलआर ही रायफल घ्या. तिच्या काडतुसात तीन ग्रॅमच्या आसपास, सावकाश जळणारी दारू. अर्ध्या मीटरहून लांब नळी ओलांडल्यावर तिचा वायू कुठे सात-आठपटीला येतो. म्हणजे रायफलला जे अर्ध्या मीटरच्या नळीत साधतं, ते ९ मिमीच्या दारूने पिस्तुलाच्या वीतभर नळीतच उरकलेलं असतं. त्यापुढची नळी जवळपास उपाशीच असते.

या उपाशी नळीत घर्षण मात्र शेवटपर्यंत चालूच. मागचा दाब घर्षणाला पुरेनासा झाला की गोळी नळीतच मंदावू लागते. बंद पडलेली रिक्षा ढकलणारे मध्येच हात सोडतात, तसंच. ०.२२ इंची काडतुसात हे स्पष्ट दिसतं. त्यात दारू इतकी थोडी की साधारण सोळा इंचांच्या पुढे वेग वाढायचा थांबतो आणि फार लांब नळीत चक्क थोडा घटतो.

कोल्हापूरकरांना हे काडतूस सांगायला नको. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं आणि स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. दोघांचं काडतूस तेच ०.२२ लाँग रायफल. पिस्तुलाच्या नळीला नियमाने १५३ मिलिमीटरची मर्यादा. रायफलची नळी कितीतरी लांब. ती वेगासाठी असती, तर नेमबाजांनी सर्वांत वेगवान गोळ्या वापरल्या असत्या. प्रत्यक्षात सामन्याच्या गोळ्या ध्वनीच्या वेगाच्या खाली, सेकंदाला ३२५-३३० मीटरवर ठेवलेल्या असतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. काही नेमबाज तर नळीच्या पुढे नुसतं पोकळ नळकांडं बसवतात. गोळी त्याला शिवतही नाही. माशी, म्हणजे नेम धरायचा टोकावरचा खुंट, डोळ्यापासून लांब जावी आणि नेमातली बारीक चूकही दिसावी, एवढ्यासाठीच ते.

कार्बाइनचा खरा फायदाही याच जातीचा आहे. खांद्याला बट (हत्याराचा मागचा दस्ता), दोन्ही हातांची पकड, गालाला टेकलेलं हत्यार आणि लांबलेली नेमरेषा. पिस्तुलाने पंचवीस मीटरवर घाम गाळणारा शिपाई कार्बाइनने पन्नास मीटरवर आरामात नेम साधतो. याचं श्रेय बटाला जातं; सेकंदाला पंचवीस-तीस मीटरने वाढलेल्या वेगाला नव्हे.

राहिला २०० मीटरचा दावा. नळी आडवी धरून सोडलेली ९ मिमीची गोळी तिथे पोचेपर्यंत माणसाच्या उंचीइतकी खाली येते. कार्बाइनमधून किंचित कमी, पिस्तुलातून किंचित जास्त. गोळी तिथवर जाते, लागली तर जीवही घेते, पण त्याला ‘अचूक मारा’ म्हणणं म्हणजे वाचकाची दिशाभूल.

सगळी पिस्तुलाची काडतुसं अशी लवकर दमतात असंही नाही. ०.३५७ मॅग्नममध्ये दारू भरपूर आणि सावकाश जळणारी. चार इंची रिव्हॉल्वरमधून साधारण चारशे मीटरने निघणारी गोळी लिव्हर ओढून भरायच्या लांब नळीच्या रायफलीतून साडेपाचशेच्या आसपास जाते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून रिव्हॉल्वर आणि रायफल एकाच काडतुसावर ठेवायची रीत आहे. १८७३ च्या विंचेस्टर रायफलचं ०.४४-४० काडतूस पुढे कोल्टने रिव्हॉल्वरलाही घेतलं. कमरेच्या एकाच पट्ट्यातून दोन्ही हत्यारं भरता येत. आपल्याकडेही विचार तोच. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने महूच्या इन्फंट्री स्कूलसोबत केलेलं ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल २०२१ मध्ये जाहीर झालं, ते सैन्यात आधीच असलेल्या ९ मिमी काडतुसावरच. बुडावर ‘केएफ’ हा खडकी कारखान्याचा ठसा असलेल्या काडतुसांची पेटी पिस्तुलालाही चालते आणि कार्बाइनलाही. पुरवठा सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, त्याला याचं मोल वेगाहून जास्त वाटेल.

आणखी एक गंमत. वेग वाढवायचा नाही, कमी करायचा म्हणूनही लोक नळीशी खेळले आहेत. एमपी-५ च्या आवाजरोधक एसडी आवृत्तीची नळी १४६ मिलिमीटरची, आणि तिला तीस भोकं. त्यांतून वायू मुद्दाम सांडवून साध्या काडतुसाची गोळी ध्वनीच्या वेगाखाली आणतात, म्हणजे हवेत उठणारा कडकडाट टळतो. नळी किती लांब आहे यापेक्षा दारू किती अंतरापर्यंत गोळीला ढकलते हे महत्त्वाचं, याचा याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आपल्या वार्ताहरांसाठी एक सूचना. नळीची लांबी छापताना ती कशी मोजली हे विचारून घ्यावं. पिस्तूल आणि कार्बाइनच्या मापात काडतूस बसायची जागा धरलेली असते. रिव्हॉल्वरच्या मापात धरत नाहीत, शिवाय तिथे काडतुसांचं फिरतं चक्र आणि नळी यांच्या फटीतून वायू निसटतो तो वेगळाच. चार इंची पिस्तूल आणि चार इंची रिव्हॉल्वर ही म्हणूनच सारखी मापं नव्हेत. वेग छापला तर गोळीचं वजनही छापावं. ९ मिमीत साडेसात ग्रॅमची गोळीही मिळते आणि साडेनऊ ग्रॅमचीही, आणि दोघींच्या वेगात फरक पडतो तो नळी दुप्पट केल्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. चौकटीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती आपण छापाल अशी अपेक्षा आहे.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, खडकी, पुणे