बाल्या, लोनचं पहिलं वर्ष हातचं जाऊ देऊ नको

प्रिय बाल्या,

तुझं लोन सँक्शन झालं हे ऐकून खरंच फार आनंद झाला यार, बेसाला तुझा फ्लॅट म्हणजे चंद्रपूरची नोकरी संपली की तू कायमचा नागपूरला, आणि काकूंनाही आता या घरातून त्या घरात सामान हलवत फिरावं नाही लागणार. पण फोनवर तू एक वाक्य बोलला की "आता काय, २० वर्षं ईएमआय कटत राहील, आपल्याला काही करायचं नाही", ते माझ्या डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत, लिहिलेलं वहिनींनाही दाखवता येतं, आणि त्यांना दाखवच, कारण हे काम एकट्या माणसाचं नाही.

आमचं लोन मागच्या महिन्यात क्लोज झालं. २०१६ मध्ये घेतलं होतं, २० वर्षांचं, आणि दहा वर्षांच्या आतच संपलं. पगार काही फार मोठा नव्हता हे तुला माहीतच आहे, हिंगण्याच्या एमआयडीसीत जे मिळतं ते मिळतं. लॉटरी लागली नाही की वावर विकलं नाही. जे केलं ते सुरुवातीपासून केलं, बस एवढंच.

आता तुझाच हिशोब घे. २५ लाख, २० वर्षं, आणि रेट साडेआठ टक्के धरतो. तुझा आज थोडा कमी असेल पण २० वर्षांत तो वर-खाली होणारच. ईएमआय, म्हणजे महिन्याचा हप्ता, येतो २१,६९६. आता पहिल्या महिन्यात यातले १७,७०८ रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दलात जमा होतात फक्त ३,९८८. वर्षभर भरत राहिला तर तुझ्या खात्यातून २ लाख ६० हजार जातील आणि मुद्दल कमी होईल ५० हजाराच्याही थोडं आतच. शेवटपर्यंत असंच चाललं तर एकूण ५२ लाख भरशील, म्हणजे २७ लाख व्याज, घेतलेल्या पैशापेक्षा जास्त. बँक यात काही चुकीचं करत नाही बरं, बाकी रकमेवर व्याज लागतं आणि सुरुवातीला बाकी सगळ्यात मोठी असते, साधा हिशोब आहे. पण म्हणूनच सुरुवातीला जो पैसा मुद्दलात टाकशील त्याचा जोर वेगळाच असतो.

किती वेगळा ते बघ. पहिल्या वर्षाच्या शेवटी तू १ लाख जास्तीचे भरले तर शेवटचे २१ हप्ते उडतात, म्हणजे साडेचार लाखाच्या वर भरायचं वाचतं. तोच १ लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरला तर जेमतेम ७ हप्ते कमी होतात. पैसा तोच, मेहनत तीच. आपले लोक काय करतात, आधी फर्निचर, मग मॉड्युलर किचन, मग गाडी, आणि "पोरं मोठी झाली की बघू लोनचं". तोपर्यंत व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो.

आणि लाखच पाहिजे असं नाही. दर महिन्याला फक्त ५ हजार जास्तीचे गेले तर हेच लोन १२ वर्षं ११ महिन्यांत संपतं, व्याज जवळजवळ ११ लाखांनी कमी. तेही जमत नसेल तर वर्षातून एक ईएमआय जास्तीचा भर, बोनसचा म्हण की एरिअर्सचा, तरी साधारण साडेतीन वर्षं कमी होतात. तू तर मास्तर आहे, जानेवारी आणि जुलैचा डीए, म्हणजे महागाई भत्ता, वाढला की जो फरक येतो तो घरखर्चात मिसळूच देऊ नको. पगार वाढायच्या आधी घर चालतच होतं ना, मग तो फरक सरळ लोनला. आम्ही दर इन्क्रिमेंटला हेच केलं, अर्धी वाढ लोनला आणि अर्धी घरात, त्यामुळे कोणाला काही ओढाताण जाणवली नाही.

आता पैसा आणायचा कुठून, तर भाऊ, कोथिंबिरीच्या जुडीत दोन रुपये वाचवून लोन फिटत नाही. मोठ्या तीन-चार गोष्टींत फिटतं. आमच्याकडे सगळ्यात मोठी गोष्ट होती कार. ऑफिसमधले सगळे घेऊन राहिले होते, सासऱ्यांनीही दोनदा विचारलं. मी हिशोब केला, ५ लाखांचं कार लोन ५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १०,३७९, वरून पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग वेगळं. आणि तुझ्या लोनमध्ये दर महिन्याला १० हजार जास्तीचे गेले तर ते ९ वर्षं ८ महिन्यांत संपतं! आमच्या लोनचे असेच दोन आकडे मी तेव्हा वहीत शेजारी-शेजारी लिहून तुझ्या वहिनीला दाखवले, ती म्हणाली स्कूटर आहे ना आपली. संपला विषय. तेव्हा त्रिमूर्ती नगरहून हिंगण्याला स्कूटरनेच जात होतो, २०२० मध्ये मेट्रोची ॲक्वा लाईन सुरू झाल्यावर सुभाष नगरहून लोकमान्य नगर, उन्हाळ्यात तर फारच सोय झाली. लग्नाकार्याला बाहेरगावी जायचं असलं की गाडी भाड्याने करायची, वर्षाचा सगळा मिळून खर्च कारच्या दोन हप्त्यांएवढाही नाही झाला.

दुसरं एसी. नागपूरचा उन्हाळा तुला काय सांगू, चंद्रपूर तर त्याहून तापतं. पण एप्रिल-मे कोरडा असतो तोवर कूलरसारखं दुसरं काही नाही, खिडकीला मोठा लोखंडी कूलर, मार्चच्या शेवटी नवी खस, पंप साफ करून ग्रीस, टाकीला आतून रंग, हे सगळं मी घरीच करतो. पोरीला ते खस भरायचं काम इतकं आवडतं की ती मार्च लागला की मागे लागते. एसीचं बिल आणि कूलरचं बिल यात जो फरक पडतो तो तीन-चार महिने मी बाजूला काढायचो. हां, काकूंना दम्याचा त्रास आहे, कूलरची ओल त्यांना चालत नसेल तर त्यांच्या खोलीत एसी लाव बिनधास्त, तिथे लोन बघू नको.

किराण्याचं म्हणशील तर वर्षाचा गहू आणि तूरडाळ एप्रिलमध्ये इतवारीतून एकदम भरतो, आईच्या काळापासून तसंच आहे, भाजी रविवारी सकाळी कॉटन मार्केटहून आठवड्याची. बाहेरचं जेवण कमी केलं, बंद नाही केलं. रविवारचे तर्री पोहे सुरूच होते आणि तान्ह्या पोळ्याला पोरीच्या बैलाची सजावट, दिवाळीचे कपडे यात कधी हात आखडला नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्या काटकसरीने घरातलं माणूस हिरमुसतं ती काटकसर वर्षभरही टिकत नाही, आणि इथे आपल्याला दहा वर्षं टिकणारी पाहिजे.

काही गोष्टी मात्र लोनच्या आधी. पहिलं म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च आणि ईएमआय एवढी रक्कम एफडीत, त्याला हात लावायचा नाही. लोनमध्ये टाकलेला पैसा साध्या लोनच्या खात्यातून परत मागता येत नाही, दवाखान्याचं काम अचानक निघालं तर मग माणूस पर्सनल लोन घेतो आणि तिथे रेट कितीतरी जास्त. दुसरं, टर्म इन्शुरन्स, लोनएवढा तरी असायलाच पाहिजे. तुझ्यामागे वहिनी आणि काकूंवर हप्ता नको. तिसरं, तुझं क्रेडिट कार्डाचं काही बाकी असेल तर ते आधी संपव, तिथे वर्षाला ३६-४० टक्के लागतात, होम लोनचं नंतर बघू. तुला हातात पैसा मोकळा पण ठेवायचा असेल तर ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं होम लोन असतं, स्टेट बँकेचं मॅक्सगेन आहे तसं, जास्तीचा पैसा खात्यात पडून राहिला तरी तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि लागला तर काढताही येतो. रेट थोडा जास्त असतो, आणि माझ्यासारख्याच्या हातात पैसा दिसला की खर्चाच्या वाटा सुचतात म्हणून मी साधंच लोन ठेवलं. तू विचार करून घे.

आता बँकेचं. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे वर-खाली होणाऱ्या रेटच्या, होम लोनवर पार्ट पेमेंट करा (हप्त्याच्या वर मुद्दलात पैसे भरा) की पूर्ण फेडा, बँक एक रुपयाही दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. काही ठिकाणी एका वेळी किमान अमुक रक्कम भरा अशी अट असते, ती सही करायच्या आधी विचारून घे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पार्ट पेमेंट करताना लेखी सांग की ईएमआय तसाच ठेवा, मुदत कमी करा. हे नाही सांगितलं तर कुठे कुठे ईएमआय कमी करून देतात, दिसायला बरं दिसतं, पण खरा फायदा निघून जातो. प्रत्येक वेळी भरल्यावर आठवड्याभरात स्टेटमेंट काढायचं आणि मुद्दल खरंच तेवढं उतरलं का ते बघायचं. माझ्या एका पेमेंटला काउंटरवर ती रक्कम पुढच्या हप्त्यांचा ॲडव्हान्स म्हणून टाकली होती, अर्ज देऊन बदलून घेतली. बघितलंच नसतं तर ते पैसे तसेच पडून राहिले असते.

रेटचंही लक्षात ठेव. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी फ्लोटिंग होम लोन्स बाहेरच्या बेंचमार्कला जोडलेली असतात, बहुतेक रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या रेटने बँकांना पैसे देते त्याला. २०२० मध्ये रेपो ४ टक्के होता, मे २०२२ पासून वाढत वाढत फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा झाला. ज्यांनी ७ टक्क्यांनी २५ लाख घेतले त्यांचा हप्ता १९,३८२ होता, रेट ९ झाला तर २५ लाखांवर नुसतं महिन्याचं व्याजच १८,७५० होतं, सांग मुद्दल कुठून कमी होणार! कितीतरी लोकांची मुदत रिटायरमेंटच्या पलीकडे गेली आणि त्यांना मेसेज आला तेव्हा कळलं. तेव्हापासून रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की रेट बदलला की बँकेने ग्राहकाला विचारायचं, हप्ता वाढवू की मुदत. तू हप्ता वाढव, जमेल तेवढा. आणि २०२५ मध्ये रेपो उतरला तसा पुढे कधी रेट उतरला तर ईएमआय कमी करून घेऊ नको, तसाच चालू दे, काही न करता मुदत आपोआप घसरते.

तुझा भाचा म्हणणार की मामा, लोन कशाला फेडता, एसआयपी करा, म्युच्युअल फंडात दर महिन्याला टाका, जास्त मिळतं. मिळूही शकतं, लांब मुदतीत मिळालंही आहे लोकांना. मी पण छोटी एसआयपी बंद नाही केली. पण बाजारातलं मिळेल की नाही ते पुढे कळणार आणि व्याज वाचतं ते आज पक्कं वाचतं, पीपीएफचे ७.१ टक्केही त्याच्या खालीच आहेत. कोणी टॅक्सचं सांगेल, की व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ती टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीत, नव्यात स्वतः राहायच्या घराला ती नाहीच, आणि जुन्यातही ३० टक्केवाल्याचे २ लाख व्याजामागे ६२ हजारांच्या आसपास वाचतात, बाकीचे १ लाख ३८ हजार तर गेलेच ना. टॅक्स वाचवायला व्याज भरायचं हे मला कधी पटलं नाही.

एक शेवटचं, आतापासून फाईल नीट ठेव. बँकेत मूळ कागद जमा करशील त्याची पावती, कागदांची यादी शिक्क्यासह, इंडेक्स टू ची (घराच्या नोंदणीच्या उताऱ्याची) कॉपी, सगळं. आमचं क्लोज झालं तेव्हा शाखेत म्हणाले की कागद दुसऱ्या गावी ठेवलेत, दोन-अडीच महिने लागतील. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये ग्राहकाला. मी तो प्रिंट काढून अर्जाला जोडला, मग मुदतीच्या आत आले. यादीशी एक-एक पान ताडून घेतलं, नो ड्यूज सर्टिफिकेट घेतलं, आखीव पत्रिकेवरचा (प्रॉपर्टी कार्डावरचा) बँकेचा बोजा उतरवायला टाकलाय, आणि सिबिलमध्ये लोन क्लोज्ड दिसतं का ते अजून बघायचंय.

तू दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा सँक्शन लेटर आणि रिपेमेंट शेड्यूल दोन्ही घेऊन ये, वहिनींनाही आण. मी माझी वही काढून ठेवतो. आपण तुझ्या पगाराच्या स्लिपवरून बसून ठरवू की महिन्याला किती जास्तीचे जमतात, ५ नाही जमले तर २ हजारांपासून सुरू करू, पण पहिल्याच हप्त्यापासून. काकूंना नमस्कार, पोट्ट्याला लाड.

तुझा,
मंग्या