टीबी गोल्डचा रिपोर्ट

प्रिय सुमा,

परवा फोनवर "टीबी गोल्ड पॉझिटिव्ह आलीय गं" म्हणालीस तेव्हा तुझा आवाजच बसला होता. मी लॅबमध्ये होते, धड बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

त्या टेस्टमध्ये तुझं रक्त क्षयजंतूच्या दोन प्रथिनांबरोबर १६ ते २४ तास उबेत ठेवतात. पांढऱ्या पेशींची त्यांच्याशी जुनी ओळख असेल, तर त्या गॅमा इंटरफेरॉन (जंतूशी लढताना पेशी सोडतात ते एक रसायन) सोडतात. आम्ही तेवढंच मोजतो. ०.३५ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह. लहानपणीच्या बीसीजीमुळे आली असेल का, असं विचारलंस. तर नाही, बीसीजीच्या जंतूत ही प्रथिनंच नसतात. जंतू कधीतरी शरीरात शिरला, एवढंच यातून कळतं. तो झोपलाय की जागा आहे, ते नाही. काकांच्या खोकल्यात तीन महिने उशाशी बसलीस, मग दुसरं काय येणार होतं?

हा झोपेचा नि जागेपणाचा फरक रक्तातून ओळखायची धडपड बरीच वर्षं चाललीय. २०१० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात ३९३ जनुकांचा ठसा, म्हणजे त्यांच्या कमी-जास्त चेतण्याचा ठरावीक नमुना, छापून आला: आजार जागा असेल तर रक्तात इंटरफेरॉनने चेतवलेली जनुकं उसळलेली दिसतात. पुढे २०१६ मध्ये तीनच जनुकांवर काम भागवता येतं असं दिसलं, आणि बोटातल्या रक्ताच्या थेंबावर चालणारी कार्ट्रिजही (मशीनमध्ये घालायची टेस्टची डबी) बनली. पण साध्या विषाणूच्या तापातही हीच जनुकं उसळतात! त्यामुळे असा ठसा संशय घ्यायला बरा, निदानाला अजून कच्चा.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबीचे रिपोर्ट सर्रास द्यायचो. २०१२ मध्ये सरकारने त्या टेस्टवर बंदी आणली. त्या रिपोर्टांवर किती जणांनी उगाच गोळ्या खाल्ल्या असतील, कोण जाणे. तेव्हापासून रक्ताच्या एका आकड्यावर माझा जीव बसत नाही.

तर आता छातीचा एक्स-रे काढ. खोकला, ताप, वजन उतरणं यांतलं काही असेल तर बेडक्याची सीबीनॅट (जंतूची जनुकं थेट शोधणारी टेस्ट) कर. सगळं स्वच्छ निघालं तरच प्रतिबंधक गोळ्या, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. घाईने आधीच सुरू करू नकोस: आजार जागा असताना अपुरं औषध पडलं की जंतू त्याला दाद देईनासा होतो. (लघवी नारिंगी झाली तर घाबरून फोन करू नकोस, ते त्या गोळ्यांचंच.)

रविवारी ये. एक्स-रेची फिल्मच आण, मोबाइलवरचा फोटो नको. मागच्या वेळी काकांच्या फुप्फुसापेक्षा तुमच्या खिडकीचे गजच जास्त दिसत होते.

तुझी,
नीला