क्रॅकन आकाशात सापडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना दाखवण्याजोग्या चित्रपटांची यादी आपल्या पुरवणीत आली होती. तीत 'क्लॅश ऑफ द टायटन्स' (२०१०) या चित्रपटापुढे 'ग्रीक पुराणांची सोपी ओळख' असे लिहिले आहे. मारधाडीचा सिनेमा म्हणून मुलांनी तो खुशाल बघावा. माझी हरकत आहे ती 'ओळख' या शब्दाला.

मी हौशी आकाशनिरीक्षक. सुट्टीत सोसायटीच्या गच्चीवर पोरांना जमवतो आणि तारे दाखवतो. नोव्हेंबरात रात्री साडेआठच्या सुमाराला या सिनेमाचा नायक, ग्रीक वीर पर्सियस, याच्या कथेतली मंडळी एकदम हजर असतात. अँड्रोमेडाची आई कॅसिओपिया म्हणजे आपली शर्मिष्ठा, बाप सेफियस म्हणजे वृषपर्वा, पर्सियसची होणारी बायको अँड्रोमेडा ती देवयानी आणि पर्सियस तो ययाती. (नात्यांचा घोळ आपणही घातलाच आहे. तिकडची नवरा-बायको इकडे बाप-लेक झाली.) परवा एका आठ वर्षांच्या मुलाने हे सगळे नीट पाहून घेतले आणि विचारले, "काका, यात क्रॅकन कुठंय?" आदल्या रात्री त्याच्या घरी तुमच्या यादीतला सिनेमा लागला होता.

क्रॅकन तिथे नाही, कारण तो ग्रीकांचा नाहीच. तो नॉर्वेकडच्या दर्यावर्दींच्या दंतकथांतला समुद्री राक्षस. ग्रीक कथेतला जलचर केटोस, आणि तो दक्षिणेकडे तिमिंगल नावाने पसरलेला दिसतो. १९८१ च्या मूळ चित्रपटातही क्रॅकनच होता, म्हणून एवढे मी सोडून देईन. पण या नव्या सिनेमाने पर्सियसच्या आईचे जे केले, ते सोडवत नाही.

मूळ कथा अशी. नातवाच्या हातून मरण येईल असे भाकीत ऐकून राजा अक्रिसियस आपल्या मुलीला, डॅनाईला, कोंडून ठेवतो. इथवर सांगितले की गच्चीवरची पोरे हमखास ओरडतात, "कंस!" देवांचा राजा झ्यूस याच्यापासून तिला मूल, म्हणजे पर्सियस, होते, राजा मायलेकरांना पेटीत घालून समुद्रात सोडतो, आणि कोणीतरी म्हणते, "कर्ण!" पेटी सेरिफॉस बेटाला लागते. तिथल्या राजाची नजर डॅनाईवर असते. मध्ये अडचण फक्त वयात आलेल्या मुलाची, म्हणून तो पर्सियसला मेडुसाचे, म्हणजे जिच्याकडे पाहताच माणसाचा दगड होतो त्या राक्षसिणीचे, डोके आणायला धाडतो. जाईल आणि दगड होऊन पडेल, हा हिशेब. म्हणजे पोरगा मेडुसापर्यंत जातो तो आईपायी. परतताना अँड्रोमेडा भेटते, बेटावर आल्यावर तो त्या राजाचाच दगड करतो, आणि पुढे एका खेळात त्याने फेकलेली थाळी नेमकी आजोबाला लागते. भाकीत खरे होते.

सिनेमात अक्रिसियस हा डॅनाईचा बाप नसून नवरा आहे, आणि डॅनाई पेटीतच मरून जाते. आजोबा गेला, भाकीत गेले, आई गेली. मग पर्सियसने लढायचे कशासाठी? त्याला सांभाळणाऱ्या कोळ्याचे कुटुंब पाताळाचा देव हेडीस याच्या हातून बुडवले, की झाला सूड तयार. असा सूड कुठल्याही सिनेमातल्या कुठल्याही नायकाला चिकटवता येतो. पर्सियस झालेला सॅम वर्दिंग्टनही बारीक कापलेल्या केसांनिशी रजेवर आलेल्या शिपायासारखाच वावरतो. प्रेमासाठी अँड्रोमेडाऐवजी आयो आणली आहे. ग्रीक वंशावळीत ही आयो पर्सियसची कित्येक पिढ्यांपूर्वीची पूर्वज लागते! पंखांचा घोडा पेगॅसस मेडुसाच्या कापलेल्या मानेतून जन्मतो, इथे तो मेडुसा जिवंत असतानाच उडतो आहे. मध्येच अरबी कथांतले जिन्नही येऊन जातात.

राक्षसी विंचवांची लढाई मात्र झकास जमली आहे, आणि लिआम नीसनचा झ्यूस "क्रॅकनला सोडा" म्हणतो तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. त्यात मीही होतो. पण थ्रीडीतला 'अवतार' चालला म्हणून साध्या कॅमेऱ्याने घेतलेला हा सिनेमा मागाहून घाईघाईने थ्रीडी केला गेला. चष्मा लावला की अंधार आणि पुठ्ठ्यातून कापल्यासारखी माणसे, चष्मा काढला की सगळे धुरकट.

यादी पुन्हा छापणार असाल तर सिनेमा राहू द्या, फक्त 'ओळख' तेवढी काढा. जागा उरलीच तर एक ओळ अशी घाला: ययातीतला अल्गॉल हा तारा म्हणजे पर्सियसच्या हातातले मेडुसाचे डोके. दर २ दिवस २१ तासांनी तो काही तास मंदावतो आणि पुन्हा उजळतो, साध्या डोळ्यांना दिसते. क्रॅकन विचारणारा मुलगा सध्या वही घेऊन रोज गच्चीवर येतो आहे. दोनदा ढगांनी घात केला.

आपला,
एक वाचक, सातारा