कोरियातले कागद तिथंच पुरे करून या

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या सांगली-कोल्हापूर भागातली कितीतरी पोरं शिवाजी विद्यापीठातनं फिजिक्स, केमिस्ट्री करून कोरियाला पीएचडी, पोस्टडॉकला जातात, काही वर्षं राहतात, कुणाचं लेकरू तिथंच जन्मतं, आणि परत आल्यावर कॅनडा नाहीतर ऑस्ट्रेलियाच्या पीआरची, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवान्याची, फाईल लावायची म्हटलं की मग कोरियातल्या कागदांसाठी धावपळ सुरू होते.

माझ्या भाचीला इथल्या एका एजंटानं सांगितलं, कोरियन कागद आणून द्या, मुंबईतनं अपोस्टिल (म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून सरकार देतं तो दाखला) करून देतो, आणि ॲडव्हान्स पण घेतला. अहो हे होऊच शकत नाही! ज्या देशानं कागद दिला त्याच देशानं अपोस्टिल द्यायचं असतं. आपलं परराष्ट्र मंत्रालय भारतातल्या कागदांना देतं, कोरियन कागदाला कोरियातलंच लागतं. भारतात अपोस्टिलचा हा आंतरराष्ट्रीय करार 2005 पासून लागू आहे, कोरियात 2007 पासून, आणि अजून आपल्या लोकांकडनं असे पैसे घेतले जातायत, याचा फार संताप येतो.

त्यातही फरक आहे. पोलिसांच्या दाखल्यासारख्या सरकारी कागदाला थेट अपोस्टिल मिळतं, पण खासगी हॉस्पिटलचा जन्माचा दाखला आधी तिथं नोटरी करून घ्यावा लागतो, मग अपोस्टिल. आणि आईबाप दोघंही भारतीय असले की बाळाची नोंद कोरियाच्या कुटुंब नोंदणीत होत नाही, म्हणजे हॉस्पिटलचा तो दाखला आणि सोलमधल्या आपल्या दूतावासातली जन्मनोंद, एवढाच आधार. ही दोन कामं तिथं असतानाच उरकली पाहिजेत, इथं बसून दुसऱ्याला अधिकारपत्र पाठवून करायची म्हणजे जीव मेटाकुटीला येतो.

भाषांतराचं पण तसंच. जावईबापूंना कोरियन चांगलं येतं, पण कॅनडावाले अर्जदारानं किंवा घरच्यांनी केलेलं भाषांतर घेत नाहीत, सर्टिफाइड ट्रान्सलेटर लागतो, तसा नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं ॲफिडेव्हिट. शिक्क्यांवरचा मजकूर सुद्धा सोडायचा नाही. ट्रान्सलेटरला पासपोर्टची कॉपी द्याच, नाहीतर कोरियन अक्षरातनं परत इंग्रजीत येताना आपल्या आडनावाचं स्पेलिंग भलतंच होतं आणि पुढं शंका निघतात. आणि आधी त्या त्या देशाची यादी वाचा, कॅनडाला बऱ्याच कागदांवर अपोस्टिल लागतच नाही, सर्टिफाइड भाषांतर चालतं, तरी एजंट सरसकट सगळ्याचे पैसे लावतात.

माझी विनंती एवढीच की तुमच्या पेपरात यावर सविस्तर माहिती छापा, आणि विद्यापीठानं कोरियाला निघालेल्या पोरांना जायच्या आधीच एक छापील कागद हातात द्यावा, तिथनं निघताना काय काय घेऊन यायचं त्याचा.

आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली