हॅरोचा उलटा कौल

हॅरो, लंडन
१४ मे २०२२

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. लंडनच्या स्थानिक निवडणुकांत पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे पानिपत झाल्याचे तू पुण्यात बसून वाचलेस, आणि त्याच बातमीच्या शेपटाला ‘हॅरो मात्र मजूर पक्षाच्या हातून गेले’ अशी एक ओळ दिसताच, तुम्ही लोकांनी हे काय करून ठेवले, असा सरळ सवाल मला टाकलास. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आले असते. पण गेला आठवडाभर इथे जो तो या निकालाचा आपापल्या सोयीने अर्थ लावत असल्यामुळे तुला सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी आकडे सांगतो. ५ मे रोजी, गुरुवारी, लंडनच्या सर्व ३२ बरोंमध्ये (म्हणजे शहराच्या स्थानिक विभागांमध्ये) त्यांच्या कौन्सिलांसाठी, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या सभागृहांसाठी, एकाच दिवशी मतदान झाले. आमच्या हॅरोत ५५ पैकी ३१ जागा हुजूर पक्षाला आणि २४ मजूर पक्षाला मिळाल्या. लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन आणि इतर सगळे कोरडे राहिले. चार वर्षांपूर्वी इथे ६३ जागा होत्या आणि त्यांत मजूर पक्ष ३५ विरुद्ध २८ असा पुढे होता. मधल्या काळात प्रभागरचना नव्याने होऊन सदस्यसंख्या आठने घटली, त्यामुळे या जागांची त्या जागांशी थेट तुलना करणे रास्त नाही. तरीही २०१४ पासून मजूर पक्षाकडे असलेली सत्ता गेली, एवढे मात्र निर्विवाद आहे.

हा निकाल डोळ्यांत भरण्याचे खरे कारण म्हणजे त्याच मतदानात आजूबाजूला काय घडले ते. वेस्टमिन्स्टर कौन्सिल १९६० च्या दशकात अस्तित्वात आल्यापासून कधीही हुजूर पक्षाच्या हातून गेले नव्हते, ते गेले. वॉन्ड्सवर्थ १९७८ पासून, म्हणजे मार्गारेट थॅचर पंतप्रधान होण्याच्याही आधीपासून, त्यांचा बालेकिल्ला होता आणि कमी कराचा नमुना म्हणून तिकडे बोट दाखवले जायचे, तोही पडला. आमच्याला लागून असलेल्या बार्नेटमध्ये मजूर पक्षाने पहिल्यांदाच स्वतःच्या बळावर बहुमत मिळवले, तेही ६३ पैकी ४१ जागांचे. टाळेबंदीतल्या मेजवान्यांबद्दल पंतप्रधानांना पोलिसांनी एप्रिलमध्येच दंड केलेला, विजेची आणि गॅसची बिले आकाशाला भिडलेली, आणि देशभरात पक्षाच्या सुमारे ५०० जागा गेलेल्या. अशा वेळी सत्ताधारी पक्षाने राजधानीतली एक कौन्सिल विरोधकांकडून काढून घ्यावी, ही गोष्ट सरळ हिशेबात बसत नाही.

तुला निवडणुकीच्या यंत्रणेत नेहमीच रस असतो, म्हणून मतदानाबद्दलही लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे, माझ्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे आणि तरीही मी मत दिले. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक इथे कायदेशीरपणे राहतात, त्यांना कौन्सिलच्याच नव्हे तर पार्लमेंटच्या निवडणुकीतही मताधिकार आहे. उलट फ्रान्स किंवा जर्मनीहून आलेला माणूस वीस वर्षे इथे राहिला, तरी पार्लमेंटसाठी त्याला मत देता येत नाही. नव्याने आलेल्या आपल्या कित्येक मुलांना हे ठाऊकच नसते आणि ती यादीत नावही घालत नाहीत, याचा मला राग येतो.

सकाळी सात ते रात्री दहा मतदान चालते. केंद्राच्या दाराशी रंगीत फिती लावलेले पक्षांचे कार्यकर्ते उभे असतात आणि तुमचा मतदार क्रमांक विचारून कागदावर खूण करतात, म्हणजे कोण अजून आले नाही हे पाहून संध्याकाळी त्याचे दार वाजवता येते. आपल्याकडच्या बूथवरच्या टेबलापेक्षा यात निराळे काही नाही. आत मात्र मला अजूनही चुकल्यासारखे होते. नाव आणि पत्ता सांगायचा, त्या यादीवर पट्टी ठेवून रेघ ओढणार आणि पत्रिका हातात देणार. ओळखपत्र नाही, बोटाला शाई नाही. पुढे ओळखपत्र दाखवावे लागणार आहे, कारण तसा कायदा गेल्या महिन्याच्या अखेरीसच मंजूर झाला. आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल असते आणि तिनेच फुली मारायची.

आता तुझ्या आवडीचा मुद्दा. आमच्याकडेही दोन किंवा तीन सदस्यांचे प्रभाग आहेत, पण पुण्यासारखे अ, ब, क असे गट नसतात आणि जागा कोणासाठी राखीवही नसते. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार आडनावाच्या वर्णक्रमाने एकाच लांब पत्रिकेवर छापलेले असतात आणि तीन जागा असतील तर मतदाराने हव्या त्या तिघांपुढे फुल्या माराव्यात. यातून एक गंमत होते: एकाच पक्षाच्या तिघांपैकी ज्याचे आडनाव यादीत वर, त्याला दोन मते जास्त पडण्याची शक्यता असते, कारण खालपर्यंत वाचण्याचा कंटाळा सार्वत्रिक आहे. मी दोन फुल्या एका पक्षाला आणि एक दुसऱ्याला दिली, कारण मजूर पक्षाच्या एका विद्यमान कौन्सिलरबाईंनी आमच्या गल्लीतल्या उखडलेल्या फरशांचे काम पाठपुरावा करून करून घेतले होते आणि ते मी विसरलो नव्हतो. माझ्यासारख्यांच्या पत्रिका मोजणाऱ्यांना नकोशा असतात. तिन्ही फुल्या एकाच पक्षाच्या असल्या तर गठ्ठे बांधून पटापट मोजता येतात, मिश्र पत्रिका मात्र एकेक करून तक्त्यावर चढवाव्या लागतात.

मग हॅरो उलटे का फिरले? सगळीकडे तयार असलेले उत्तर म्हणजे ‘भारतीय मते’. २०११ च्या जनगणनेप्रमाणे हॅरोतले सुमारे चौथाई लोक हिंदू आहेत आणि इंग्लंडमध्ये हे प्रमाण इतरत्र कुठेही एवढे नाही. गुजराती कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून आली, स्थिरावली, घरे आणि दुकाने घेतली, आणि त्यांची मुले औषधविक्रेते, डॉक्टर, हिशेबनीस झाली. अशा माणसाला कमी कराची भाषा जवळची वाटणे स्वाभाविक आहे. त्यातच २०१९ मध्ये काश्मीरबद्दल मजूर पक्षाच्या अधिवेशनात जो ठराव झाला, त्याने पुष्कळजण दुखावले आणि ती नाराजी अजून पुरती निवळलेली नाही. हे सारे खरे आहे. परंतु २०१९ च्याच पार्लमेंट निवडणुकीत हॅरो पूर्वमधून हुजूर पक्षाचे बॉब ब्लॅकमन आणि हॅरो पश्चिममधून मजूर पक्षाचे गॅरेथ थॉमस असे दोघेही आठ हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले, आणि भारतीय वस्ती दोन्हीकडे आहे, हे सांगायला कोणी तयार नसते. महाराष्ट्र मंडळात (१९३२ सालचे हे मंडळ तुला माहीत आहेच, शेजारच्या ब्रेंटमध्ये आहे) गेल्या रविवारी याच विषयावरून जुंपली, तेव्हा एका टेबलावर बसलेल्या चार मराठी माणसांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे मत दिले होते आणि चौथा घराबाहेरच पडला नव्हता. यातून ‘भारतीयांचे मत’ म्हणून एक गठ्ठा कसा बांधायचा ते मला कळत नाही.

माझ्या मते खरी कारणे पत्रपेटीतून दारात पडणाऱ्या पत्रकांवर मोठ्या अक्षरांत छापलेली होती. हुजूर पक्षाचे ठळक आश्वासन होते एक तास मोफत पार्किंगचे. तुला हसू येईल. पण ज्याचे दुकान रेनर्स लेनला किंवा स्टॅनमोरला आहे आणि ज्याचे गिऱ्हाईक दंडाच्या धास्तीने मॉलकडे वळते, त्याला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. दुसरा विषय उंच इमारतींचा. हॅरो ही दोन मजली घरांची, पुढेमागे बाग असलेली उपनगरी वस्ती. १९३० च्या सुमारास मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या आधाराने वाढलेली. तिथे स्थानकालगतच्या वाहनतळांवर फ्लॅटचे मनोरे उभारण्याचे बेत आले, तेव्हा लोक बिथरले. लंडनला घरे हवी आहेत, हे त्याच लोकांना मान्य असते. फक्त ती आपल्या खिडकीतून दिसू नयेत, एवढीच त्यांची अट असते, आणि ही वृत्ती मला फारशी शोभादायक वाटत नाही.

तिसरा विषय रस्त्यांचा. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, निवासी गल्ल्यांतून गाड्यांना वाट बंद करण्याचे प्रयोग लंडनभर झाले, तसे ते हॅरोतही झाले. रस्त्याच्या तोंडाशी लाकडी कुंड्या आणि फलक येऊन बसले, आणि पाच मिनिटांच्या अंतराला वीस मिनिटे लागू लागल्यावर विरोध इतका वाढला, की पुढच्याच वर्षी मजूर पक्षाच्या कौन्सिलला ते सारे काढावे लागले. कुंड्या गेल्या तरी लोकांच्या मनातला राग मात्र गेला नाही. आमच्या शेजारच्या आजोबांनी, जे आयुष्यभर मजूर पक्षाला मत देत आले, यंदा कोणालाच मत दिले नाही, आणि कारण विचारले तेव्हा त्यांनी युक्रेन, महागाई, जॉन्सन यांपैकी कशाचेही नाव न घेता त्या कुंड्यांचेच नाव घेतले.

पण मोफत पार्किंगपायी बुडणारे उत्पन्न भरून कुठून काढणार, हा प्रश्न प्रचारात कोणी फारसा विचारला नाही. कौन्सिलच्या पैशाचा मोठा भाग वृद्धांची आणि अपंगांची देखभाल आणि अडचणीत सापडलेली मुले यांवर जातो, आणि तो खर्च कायद्याने टाळता येत नाही. दुसऱ्या बाजूने कौन्सिल कर हवा तसा वाढवता येत नाही. यंदा साधारण तीन टक्क्यांच्या पलीकडे वाढ करायची झाल्यास सार्वमत घ्यावे लागले असते. कराची आकारणी अजूनही १ एप्रिल १९९१ रोजी घराची जी किंमत असती तिच्यावर होते, आणि ती बदलण्याची हिंमत आजवर एकाही सरकारला झालेली नाही. म्हणजे ज्या थोड्या पैशांवर कौन्सिलरांचा खरा हात चालतो, ते ग्रंथालये, बागा, रस्तेदुरुस्ती आणि कचरा एवढ्यापुरते उरतात. हुजूर पक्षाच्या गटाचे नेते पॉल ऑस्बॉर्न यांच्या हाती आता सूत्रे येतील आणि त्यांना आधीच्यांनी आखलेल्या अंदाजपत्रकावरच हे वर्ष काढावे लागेल. दक्षिण लंडनमधले क्रॉयडन कौन्सिल २०२० मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर जाऊन पोचले होते, ते लंडनमध्ये कोणीही विसरलेले नाही.

तुमच्याकडे पुणे महापालिकेत तर मार्चच्या मध्यापासून आयुक्तच प्रशासक होऊन बसले आहेत. आमच्या मतदानाच्या आदल्याच दिवशी, ४ मे रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राज्य निवडणूक आयोगाला स्थानिक निवडणुकांचा कार्यक्रम दोन आठवड्यांत जाहीर करण्यास सांगितल्याचे मी वाचले. प्रभागरचनेचे अधिकार राज्य सरकारने स्वतःकडे घेतले, ओबीसी आरक्षणाचा तिढा तसाच आहे, आणि चारांचा प्रभाग तिघांचा होणार म्हणून इच्छुकांनी बॅनर छापूनही ठेवले असतील, असे मला वाटते. इथे पक्षांना प्रभागरचनेत हात घालता येत नाही. ते काम स्वतंत्र सीमा आयोगाचे असते आणि निवडणूक चार वर्षांनी ठरल्या गुरुवारी होतेच, अपवाद २०२० च्या करोनाचा, तोही इतर गावांपुरता. त्या एका बाबतीत मला तुमच्यासाठी खरोखर वाईट वाटते, कारण गटार तुंबले तर तुला आज कोणा निवडून आलेल्या माणसाचे दार ठोठावता येत नाही.

तुमच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच कळव, आणि आपल्या जुन्या प्रभागाचे नवे नकाशे हाती आले असतील तर त्यांचे फोटो पाठव. कोणाची पेठ कोणाला जोडली आहे, हे पाहण्याची मला फार उत्सुकता आहे. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
हॅरोकर मित्र