आज्जीचा फोटो

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय पिंट्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा थोरले काका समोरच बसले होते, म्हणून ‘सगळं बरं आहे’ म्हणून ठेवून दिला. बरं काही नाही. आज्जीच्या फोटोवरनं घरात दोन तट पडलेत. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ‘फोटोच तर आहे’ म्हणतील. तू म्हणणार नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

आधी खुशाली उरकतो. आईचे गुडघे आहेत तसेच, बापूंचा मोतीबिंदू निघाला, माझी शुगर गोळीवर आहे.

आज्जी कशी गेली ते अक्कानं तुला सांगितलंच असेल. रात्री आमटी-भाकरी खाल्ली, ताक प्यायली, माझ्याशी बदामसात खेळायला बसली. हरायला लागल्यावर “पानं नीट पिसली न्हाईस” म्हणून डाव उधळला आणि झोपली. सकाळी उठली नाही. पंचगंगेवर नेलं तेव्हा शेण्या रचायला तालमीची पोरं पुढं झाली. रक्षाविसर्जनाला तुमच्या शिवाजी पेठेतलेही आले होते, तेही आपण होऊन. नैवेद्य ठेवून मागं सरकतोय तोवर कावळ्यानं घास उचलला. काय काय कबूल करायचं याची तयारी करून अक्का आली होती, तिला तोंड उघडायची वेळच आली नाही. जेवायला उशीर आज्जीला कधी खपला होता?

आता फोटो. काकांनी आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओत नेऊन दिला. मान ताठ, ओठ मिटलेले, डोळे वटारलेले. स्टुडिओवाल्यानं त्यावर कॉम्प्युटरमध्ये जरीचा पदर चढवला, मागं ढग टाकले आणि चेहरा गुळगुळीत केला. सुरकुत्यांबरोबर हनुवटीवरचं गोंदणही गेलं बघ. ते तीन हिरवे ठिपके, ज्यांवर लहानपणी आपण बोट ठेवायचो आणि ती बोट चावायला यायची. कपाळ कोरं. सोनेरी फ्रेम, वर हार घालायला खिळा. फ्रेम घरी आली त्या दिवशी मी जेवलो नाही.

मी काकांना तू काढलेला फोटो दाखवला. 18 डिसेंबर 2022 चा, फुटबॉल वर्ल्डकपच्या फायनलच्या रात्रीचा. तुला आठवतंय सगळं, तरी लिहितोय, कारण ते आठवल्याशिवाय हल्ली झोप येत नाही. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलनं पुढं आणि आज्जी निवांत शेंगा फोडत बसलेली. मग फ्रान्सच्या त्या एम्बापेनं दीड-दोन मिनिटांत दोन मारले. तिनं शेंगांचं ताट माझ्या मांडीवर ठेवलं आणि “बीपीची गोळी आण” म्हणाली. तीन-तीन झाले, पेनल्टी आल्या, तू ब्राझीलवाला असूनही तिचा हात धरून बसलास. अर्जेंटिनाची शेवटची पेनल्टी जाळ्यात गेली आणि पेठेत फटाक्यांची माळ लागली तशी ती काठी टाकून उंबऱ्यात आली. गळ्यात निळा-पांढरा टॉवेल, कवळी आत पाण्याच्या वाटीत, तोंड हे एवढं उघडं आणि कपाळावर आकाशी टिकली. त्या क्षणी तू मोबाईल धरलास. नंतर बघून म्हणाली, “माझं बोळकं दिसतंय की रं.” तू पुसू का विचारलंस, तर “ऱ्हाऊ दे, मेस्सीलाबी कळू दे.”

गोंदण त्यात स्पष्ट दिसतं.

काकांचं म्हणणं, वर्षश्राद्धाला पै-पाहुणे येणार, भिंतीवर हा फोटो बघून हसतील. कवळीचं एक वेळ जाऊ दे, टिकलीचं काय उत्तर द्यायचं? मी अडून बसलो तेव्हा त्यांनी तोड काढली: तुझाच फोटो लावू, फक्त स्टुडिओवाल्याकडनं टिकली काढून घे आणि दात बसवून घे. त्याला ते दहा मिनिटांचं काम आहे म्हणे.

पिंट्या, माझ्या अंगावर काटा आला. आजोबा गेले त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं ते आपण दोघांनी माडीच्या जिन्यावरनं बघितलं होतं. आता तिला माती देऊन झाल्यावर पुन्हा पुसायचं?

ती टिकली कुठनं आली हे मला आणि तुलाच ठाऊक. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. 6 मे 2022 ला सकाळी दहाला सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं, आज्जीही काठी टेकून दारात उभी होती. त्याच दिवसांत शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेचा ठराव पेपरात आला: नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. आज्जीनं ती बातमी भिंग धरून वाचली, मग माझ्याकडनं मोठ्यानं वाचून घेतली. बोलली काहीच नाही. शनिवारी तू पुण्याहून आलास तसं तुला कोपऱ्यात घेतलं आणि टिकल्या आणायला महाद्वार रोडला पाठवलं. मला सोडून तुला सांगितलं याचा मला राग आला होता, तर म्हणाली, “तुझ्या पोटात ऱ्हात न्हाई, आन् त्यो शिवाजी पेठंतला, कुणाला भीत न्हाई.” तू लाल, मरून, हिरव्या, निळ्या, सगळ्या रंगांचं पाकीट घेऊन आलास. आरशापुढं बसून पहिली लावली ती सुरकुतीवर बसेचना. पदरानं कपाळ पुसलं, पुन्हा लावली, अंगठ्यानं दाबून धरली. जरा तिरकीच बसली. “कशी दिसतीया?” म्हणाली तेव्हा तुझ्यासारख्या बडबड्यालाही बोलता आलं नव्हतं.

आषाढात टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी वाजतगाजत निघालं तेव्हा ती टिकली लावून पी-ढबाक वाद्यांच्या पुढं नाचली. पेठेतल्या बायकांनी तिला मध्ये घेऊन फुगडी धरली. गेल्या वीसएक वर्षांत तिला कुणी अशी मध्ये घेतली नव्हती.

काका मनानं वाईट नाहीत, हे लिहिलंच पाहिजे. एका लग्नात पाहुण्यांपैकी कुणी तरी तिला “ह्या वयात कुणासाठी नटता?” म्हणालं. काका जेवणाच्या पंगतीतनं उठले, तिला घेऊन घरी आले आणि त्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. आईला कुणी हसलेलं त्यांना सोसत नाही. आता ती उत्तर द्यायला नाही, म्हणून ते जास्तच भितात. रोज संध्याकाळी तिच्या कॉटवर बसून तिचा रेडिओ लावतात, ऐकत काही नाहीत. अशा माणसाशी मी किती भांडू? पण मीही गप्प बसू शकत नाही. मी म्हटलं, काका, दर 26 जूनला तुम्ही दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालता. महाराजांनी 1917 ला विधवांच्या लग्नाला कायदा केला आणि आपण शंभर वर्षांनी आज्जीच्या टिकलीवर अडायचं? ते काहीच बोलले नाहीत. उठून पाणी प्यायले.

तिचं हसणं कुणाला लाजिरवाणं कसं वाटू शकतं हेच मला उमगत नाही. 1986 ला शेजारच्या वाड्यातल्या टीव्हीपुढं रात्री साडेअकराला आपल्याला घेऊन बसली होती. मॅरेडोनानं तो पहिला गोल मारला तेव्हा “हातानं मारला! पंचाचं डोळं फुटलं काय?” म्हणून ओरडली, आणि चार मिनिटांनी दुसरा बघितल्यावर जन्माची अर्जेंटिनाची झाली. 2014 ला जर्मनीनं तुमच्या ब्राझीलला सात मारले, तर दुसऱ्या दिवशी तुला जेवायला बोलावून ताटात मोजून सात भजी वाढली. तू उठून गेलास, मग ती स्वतः डबा घेऊन तुझ्या घरी आली. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, तेव्हा आपलाच नातू असल्यासारखे गल्लीत पेढे वाटले. आणि शाहू स्टेडियमवरच्या त्या मॅचनंतर आपण बोलत नव्हतो, तेव्हा दोघांना एका ताटात जेवायला बसवणारी तीच. तो गोल ऑफसाइड नव्हता, आजही सांगतो.

ही बाई भिंतीवर ओठ मिटून बसणार?

तुझ्याकडनं दोन गोष्टी हव्यात. माझ्याकडं आहे तो व्हॉट्सअॅपवरनं आलेला, मोठा केला की फाटतो. तुझ्या त्या जुन्या मोबाईलमधनं मूळ फोटो शोध आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे बारीक होणार नाही. दुसरं, काकांना फोन कर. टिकल्या तू आणल्या होत्यास हे त्यांना तुझ्या तोंडनं कळू दे. तिनं कसं मागवलं, आरशापुढं काय झालं, सगळं सांग. मी सांगितलं तर ते भांडण होतं, तुझं ऐकतील.

मस्कतची नोकरी कायम झाली का? लेकीचं बारावीचं काय झालं, वहिनींच्या पाठीचं काय? लिही सविस्तर. वर्ल्डकप तोंडावर आलाय, पेठेत झेंड्यांची वर्गणी सुरू झालीय. आज्जीच्या नावानं मीच भरली.

काकांना फोन रात्री आठनंतर लाव, त्याआधी ते तालमीच्या कट्ट्यावर असतात आणि चारचौघांत बोलणार नाहीत.

तुझा,
बंड्या